फोकसचं कडं

४ जून, मंगळवार

भिंतच पिवळी पडलीय! आणि मी इतकी वर्षं प्रोजेक्टरला शिव्या घालतोय. चित्र धूसर दिसतं म्हणून दुकानदाराला फोन केला, तर त्याने माझी शाळाच घेतली – भिंतीचा रंग कोणता, पडदे कसले, फिल्टर कधी साफ केला. एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता आलं नाही. मशीनचं सगळं ही बघायची.

लेक रविवारी येतेय. ही गेल्यावर पहिल्यांदाच राहायला येतेय. फोनवर म्हणाली, नोकरीला निघाले तेव्हाच्या निरोपाच्या जेवणाचा व्हिडिओ लावू या, भिंतीवर मोठा करून. आईला बघायचंय. म्हणून हा खटाटोप. तिला तिची आई नीट दिसायला हवी.

५ जून

भिंत रंगवली. पांढरा, बिनचकाकीचा. पाठ कामातून गेली. कोपऱ्यात ओघळ आलेत. ही असती तर बरोबर तिथेच बोट ठेवलं असतं.

६ जून

पडद्यांना आतून काळं कापड लावलं. भर दुपारी अंधार! फिल्टर काढला तर धुळीचा थरच्या थर निघाला. चित्र उजळलं, पण धूसर ते धूसरच.

लेक परगावी गेल्यापासून दर रविवारी दुपारी आम्ही दोघं हाच व्हिडिओ बघायचो. मी उठायला लागलो की ही म्हणायची, तुम्ही बसा, मी लावते. काही नीट दिसत नाही म्हणून मी कुरकुरायचो. तिचं उत्तर ठरलेलं – "मशीन म्हातारं झालंय. तुमच्यासारखं." आणि स्वतःच हसायची. आता रविवार आला की घर खायला उठतं.

७ जून

मशीन कपाटाच्या टोकावर तिरकं ठेवलेलं, आणि वाकडं चित्र बटणाने ताणून सरळ केलेलं. दुकानदार म्हणाला, ताणलं की बारकावे जातात, मशीनच भिंतीसमोर मधोमध ठेवा. टेबल ओढलं. थोडा वेळ तापू द्या, मगच फोकस करा, असंही म्हणाला. तापू दिलं.

फोकस करायला गेलो तर भिंगाभोवतीचं कडं जागचं हलेना. वाकून बघतो तर खालून चिकटपट्टी लावलेली – जखमेवर लावतात ती, हिच्या औषधाच्या डब्यातली! कडं सरकू नये म्हणून लावली असणार. हिची दुरुस्ती म्हणजे हीच. गळक्या बादलीलाही हीच पट्टी होती. हसू आलं, मग डोळे भरून आले. पट्टी सोडवली, कडं फिरवलं.

काय चित्र आलं! केकवरचं लेकीचं नाव वाचता आलं. हिचे कानातले मोती वेगळे वेगळे दिसले. तिथेच थांबवलं. पुढे बघायचा धीर झाला नाही. उद्या बघेन.

८ जून

बघितला. बघायला नको होता.

लेक केक कापतेय, सगळे टाळ्या वाजवताहेत. मागे स्वयंपाकघराच्या दारात ही. एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरलीय, दुसरा हात पोटावर. डोळे मिटलेले. ओठ दाताखाली. मग माझा आवाज – "अगं, इकडे बघ की!" – आणि ही डोळे उघडते, हसते. लगेच! जणू काही झालंच नाही.

कॅमेरा माझ्याच हातात होता.

दुखणं आम्हाला कळलं ते लेक गेल्यावर, बऱ्याच महिन्यांनी. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. ही म्हणाली, आत्ताआत्ताच दुखायला लागलंय. मी विश्वास ठेवला. बोलली असती तर लेकीने नोकरीवर पाणी सोडलं असतं, म्हणून गप्प बसली! रडलो. भिंतीकडे बघून तिच्याशी भांडलोही. मला तरी सांगायचं होतंस गं.

लेकीला हे दिसता कामा नये. जन्मभर मनाला लावून घेईल. कडं उलटं फिरवलं, दारातली ही नुसती एक फिकट सावली होईपर्यंत.

९ जून, रविवार

व्हिडिओ लावला. लेक म्हणाली, चित्र धूसर आहे. मी म्हणालो, मशीन म्हातारं झालंय.

तिने माझा हात हातात घेतला. "आईही हेच सांगायची. तुम्ही येऊन बसायच्या आत कडं फिरवायची आणि पट्टी लावायची. दुखणं कळल्यावर सुट्टी काढून आले होते तेव्हा मी पकडलं तिला. म्हणाली, दारातली मी तुझ्या बाबांना दिसायला नको."