रविवारची चाकं

प्रिय ओडीलकाका,

दोन गल्ल्या सोडून राहणारी पोरगी दाराच्या फटीतून पाकीट टाकून पळून गेली, घंटासुद्धा वाजवली नाही, म्हणून तुम्ही आधी रागवाल आणि मग घाबराल. घाबरू नका, मी ठणठणीत आहे. तोंडानं सांगायला म्हणून मी दोनदा निघाले होते. पहिल्यांदा बेकरीपर्यंत आले, तुमच्यासाठी मनुकांचा पाव घेतला आणि तो घरी नेऊन स्वतःच खाल्ला. दुसऱ्यांदा दुकानाच्या काचेतून तुम्ही दिसलात. चष्मा कपाळावर चढवून सगळ्या खणांतून चष्मा शोधत होतात. ते बघून मला हसू आलं, आणि आत यायचं धैर्य होतं नव्हतं तेवढंही गेलं. तुमच्यासमोर उभी राहिले की माझ्या तोंडून तुम्हाला बरं वाटेल तेवढंच बाहेर पडतं. रविवारी तेच झालं.

रविवारी सायकलच्या फेरीहून आल्यावर क्लबातले बाकीचे कॅफेत बिअर प्यायला गेले आणि मी तुमच्या मागच्या खोलीत कप विसळत थांबले. तुम्ही नळाशी येऊन उभे राहिलात. "वेर्ले, गुरुवारी नोटरीकडे जायचंय. घरमालकाचा मुलगा म्हणतो, करायचा तर नऊ वर्षांचा भाडेकरार करा. हिल्डे म्हणते, बाबा, पुरे आता, गेंटला या आमच्याकडे. तू क्लबची चिटणीस, तुला आतलं ठाऊक. मांडू का दुकान अजून?" आणि मी मागचापुढचा विचार न करता म्हणाले, "अहो, विचारताय काय काका! तुमच्याशिवाय क्लबचं पान तरी हलतं का? करा सही." उचलली जीभ लावली टाळ्याला. तुमचा चेहरा असा काही खुलला! मग तुम्ही सांगत सुटलात, की जोर्जेटकाकूंच्या विम्याचे पैसे बँकेत तसेच पडून आहेत, ते घालून विजेच्या सायकली उचलायचं यंत्र घेईन, वसंतात चाकं, चेन, टायर सगळं भरून ठेवीन. मी तोच कोरडा कप पुन्हा पुन्हा पुसत राहिले. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

तुम्ही माझे धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या वेळी मला तुम्हीच धरलं होतं, आणि पाणी पडताच मी तुमच्या नव्या टायला जे काही केलं ते जोर्जेटकाकू अगदी शेवटपर्यंत प्रत्येक जेवणात सांगायच्या. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला धर्मपित्यानं सायकल द्यायची असते, ती सगळ्याच पोरांना मिळते. माझ्या वर्गातल्या मुलांना खोक्यातून काढलेली मिळाली. मला तुम्ही तुमच्या हातानं जोडलेली लाल सायकल दिलीत, आणि दर ईस्टरला मला दुकानात बोलावून सीट बोटभर वर करायचात. "पोरगी वाढली की नाही ते डॉक्टरला काय कळणार, सीटला कळतं," असं म्हणायचात. आणि मार्निक्स मला सोडून गेला तेव्हा गाव सल्ले द्यायला आलं. तुम्ही ग्रीसचा डबा घेऊन आलात. माझ्या स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरून माझी सायकल सगळी सुटी केलीत, पुन्हा जोडलीत, आणि एक शब्द न विचारता सूप पिऊन गेलात. त्या दिवशी मला रडता आलं. तुमचे उपकार कधी तोंडानं बोलून दाखवले नाहीत मी. आज बोलते आहे, आणि तेही अशा पत्रात. याचीच मला जास्त लाज वाटते.

क्लबबद्दल आता खरं लिहिते. आमच्या पाठीवर तुमचं नाव आहे, पिवळ्या जर्सीवर निळ्या अक्षरांत, आणि त्या जर्सींचे पैसे दरवर्षी तुम्हीच भरता. रविवारी आमच्यामागून तुमची व्हॅन येते. आमच्यातल्या कुणाचं दगडी चढावर पंक्चर झालं की तुम्ही जादा चाक घेऊन खाली उतरता, आणि तो उभ्या उभ्या तुमच्याच थर्मासातलं सूप पितो. याच्या बदल्यात तुम्ही कधी काही मागितलं नाहीत. पण ज्याचं नाव पाठीवर, त्याच्याकडून सामान घ्यायचं, एवढं न सांगताही सगळ्यांना कळत होतं. मग आमच्यातल्या वान्नेसला फोनवर ते परदेशी दुकान सापडलं. तुमच्याकडे मिळते तीच चेन तिकडे निम्म्या किमतीत, चीनहून थेट घरपोच. पंधरवड्यात सगळ्या क्लबला कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण आमचा वळसा अर्ध्या जगाला होता आणि तरी स्वस्त पडत होता.

आता अडचण अशी की नवी चेन चमकते. तुमच्या दारात चमकती चेन घेऊन उभं राहायची कुणाची छाती नव्हती. म्हणून शनिवारी संध्याकाळी बागेतली माती कालवून ती चेनला फासायची, असा शोध गेरॉल्फनं लावला. गेल्या ऑगस्टात तीन आठवडे पावसाचा टिपूस नव्हता, गवत वाळून गेलं होतं, आणि तुमच्या दारात उभ्या असलेल्या सगळ्या सायकलींच्या चेनना चिखल! चाळिशी-पन्नाशीतली माणसं, काका. त्यात एक दातांचा डॉक्टर. आम्ही कॅफेत यावर पोट धरधरून हसलो होतो. मीही हसले होते.

घरभाडं निघावं म्हणून तुम्ही दुकानात गावाची कुरिअरची पार्सलं ठेवायचं काम घेतलंत, तेव्हा तर आमची धांदल उडाली. सगळ्यांनी आपापली खोकी शेजारच्या गावातल्या तंबाखूवाल्याकडे वळवली. तिथं ती मावली नाहीत म्हणून एकदा गेरॉल्फचं खोकं तुमच्याकडे आलं. तो सांगत होता, तुम्ही ते हातात तोलून पाहिलंत आणि म्हणालात, "इथं सही कर. आणि सांभाळून ने, पुढचं चाक आहे." बस, एवढंच. तो घामाघूम होऊन बाहेर आला आणि आम्हाला म्हणाला, म्हाताऱ्याला काही कळलेलं नाही, बायकोसाठी म्हणून सांगितलं मी. बायकोसाठी पुढचं चाक! आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता.

इथवर मी "आम्ही, आम्ही" म्हणत लपले. आता मी.

मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे चाकांची नवी जोडी बघायला आले होते. आठवतं? तुम्ही कॉफी केलीत, दोन-तीन जोड्या खाली उतरवल्यात, एकेक चाक बोटानं फिरवून माझ्या कानाशी धरलंत. माझं वजन, आमचे दगडी रस्ते, माझी उतारावर ब्रेक दाबून ठेवायची खोड, सगळं धरून सांगितलंत की हीच घे, या मापाची, इतक्या स्पोकची. किंमत चारशे वीस युरो. "तुला चारशे." मी म्हणाले, विचार करून सांगते. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर फोन उघडला, तुम्ही सांगितलेलं माप आणि तुम्ही सांगितलेले स्पोक टाकले, आणि तशीच जोडी एकशे नव्वदला मागवली. अक्कल तुमची, कॉफी तुमची, पैसे चीनला. पार्सल मी काम करते त्या शाळेच्या ऑफिसात मागवलं, म्हणजे तुमच्या नजरेला पडायला नको. तुम्हाला म्हणाले, जुनी चाकं अजून चांगली आहेत, राहू दे.

तेव्हा पैशांची ओढाताण होती असं इथं लिहायचा मोह होतो आहे. बॉयलर बिघडला होता हे खरं. पण तो महिन्याभरापूर्वीच दुरुस्त झाला होता. मला फक्त कमी पैसे देण्यात मजा वाटली, काका. आपण कुणाला तरी चकवलं अशी मजा. कुणाला, ते तेव्हा मनात येऊ दिलं नाही. आणि ती चाकं फसवी निघाली असती तर किती बरं झालं असतं! एखादा स्पोक तुटला असता, रिम वाकली असती, तर मी स्वतःला म्हणाले असते, भोग आता. पण ती झकास चालतात. आजवर एकदासुद्धा कुरकुरली नाहीत.

ती तुम्ही कधी पाहिली नाहीत, कारण मी तुम्हाला दाखवली नाहीत. मातीनं तुम्ही फसला नसतात, चाक तुमच्या हाताला ओळखू येतं. म्हणून मी दर शनिवारी तुमच्याकडून घेतलेली जुनी चाकं चढवते आणि रविवारी फेरी झाली की उतरवून गॅरेजात टांगते. लोक चर्चला जायला चांगले बूट ठेवतात तशी माझी ही रविवारची चाकं. आठवड्याचे सहा दिवस मी परदेशी चाकांवर शाळेला जाते, बाजाराला जाते, नदीकाठानं भटकते. तुमची गल्ली तेवढी टाळते. आणि सातव्या दिवशी तुमची पोरगी होऊन तुमच्या दारात येते.

रविवारी तुम्ही पुढे जे बोललात ते शब्दाला शब्द लिहिते. कप ठेवून आपण बाहेर आलो, तुम्ही माझ्या मागच्या चाकावर हात ठेवलात आणि म्हणालात, "ते बाकीचे काय करतात ते मला ठाऊक आहे गं. ऑगस्टात चिखल कुठून येतो ते मला कळत नाही होय? गेरॉल्फचं खोकं तर माझ्याच हातून गेलं. जाऊ दे. पोरं आहेत, चार पैसे वाचवतात. मी मनाला लावून घेत नाही. पण तुझी ही चाकं बघतो ना, तेव्हा वाटतं, सात वर्षं झाली, अजून माझीच आहेत. एक तरी गिऱ्हाईक आहे. आणि एक डोळ्यांना दिसतंय म्हणजे न दिसणारी दहा असतील गावात. म्हणून तुला विचारलं. त्यांना विचारलं असतं तर तोंडावर खोटं बोलले असते." मग तुम्ही चाक फिरवलंत, कान लावलात आणि खूश होऊन मान डोलावलीत. चाक खरंच गुळगुळीत फिरत होतं. आठवड्यातून एकदाच चालणारं चाक झिजणार कसं?

तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा "नको" म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतंत, "का?" आणि त्या "का"ला उत्तर द्यावं लागू नये, एवढ्यासाठी मी तुम्हाला नऊ वर्षांच्या करारावर सही करायला सांगितली. काकूंचे पैसे त्यात घालायला सांगितले. माझी दोन मिनिटांची लाज वाचावी म्हणून.

काका, गुरुवारी सही करू नका. हे पत्र एवढ्यासाठीच आहे. न दिसणारी दहा माणसं गावात नाहीत, कारण तुम्हाला दिसणारं एकही नव्हतं. मी हे पान दोनदा फाडलं, कारण दोन्ही वेळा शेवटी लिहिलं होतं की यापुढे सगळं तुमच्याकडूनच घेईन, बाकीच्यांनाही समजावीन, तुम्ही खुशाल सही करा. तसं लिहिताना फार छान वाटत होतं. पण वसंतात मला नवी चेन लागणार आहे, आणि तेव्हा माझं बोट फोनवर कुठं जाईल ते मला पक्कं ठाऊक आहे. माझी तुमच्यावर माया आहे, ती बाप्तिस्म्यापासूनची आहे आणि खरी आहे. पण ती माया बघून तुम्ही मला गिऱ्हाईक समजलात. मी तुमचं गिऱ्हाईक नाही, काका. माझ्या भरवशावर दुकान मांडू नका.

तुमचीच,
वेर्ले