पितृपक्ष, स्कूटर आणि मागणीचा नियम

मंगळवार, ९ सप्टें.
गणपतीच्या सुट्टीनंतर बारावी आर्ट्‌सवर पहिला तास. पोरं अजून मोदकातून बाहेर आलेली नाहीत. नेहमीप्रमाणे आधी 'बा. १०', म्हणजे बातमीची दहा मिनिटं. कात्रण चिकटवलं: स्कूटर, मोठे टीव्ही, एसी यांवरचा जीएसटी २२ तारखेपासून कमी. विचारलं, शोरूममध्ये आता काय होईल? शेवटी मीच सांगितलं, गर्दी. किंमत घटते, मागणी वाढते, मागणीचा नियम. खडू खाली ठेवते तोच प्रणाली उठली. वसईजवळच्या कळंब गावची मुलगी, वडील नालासोपाऱ्यात स्कूटरच्या शोरूममध्ये सेल्समन.

"पन मॅडम, शोरूममधी कोनीच येत नाय. पप्पा दिवसभर गाड्या पुसत बसतात."

वर्ग खो खो हसला. मी सावरून घेतलं, अगं पितृपक्ष चालू आहे, आत्ता कोण गाडी घेणार! सुटले एकदाची, असं वाटलं.

बुधवार, १०
कसली सुटते. आज रॉयडन. वसईतल्या होळी गावचा, घरची भाजीची वाडी. एरवी तोंड उघडत नाही.

"टीचर, आमच्यात पितृपक्ष नाय. तरी डॅडीने गाडी थांबवली. बोलतात, बावीसनंतर बघू."

म्हणजे लोक स्वस्ताईची वाट बघतायत. किंमत पडणार हे कळलं की आजची मागणी पुढे सरकते. हे पुस्तकातही आहे, मीच दरवर्षी शिकवते, आणि तरी काल माझ्या डोक्यात फक्त पितृपक्ष. साताऱ्याच्या माहेराचा प्रभाव! आपल्या घरात जे होतं तेच सगळ्या वसईत होतं, असं धरून चालले.

दुपारी प्रि. (प्रिन्सिपल) सरांनी बोलावलं. पोर्शन मागे आहे. मागच्या युनिट टेस्टला पोरांना व्याख्यासुद्धा धड लिहिता आल्या नव्हत्या. "बातम्या घरी वाचतील, मॅडम. या टेस्टला फरक दिसला नाही तर ती दहा मिनिटं बंद करा." चुकीचं बोलले असंही नाही. आमच्या पोरांच्या उत्तरात 'इतर परिस्थिती कायम असताना' हे शब्द कधीच नसतात. गुण तिथेच जातात.

पण दिवसभरात पोरं मान वर करून बघतात ती तेवढीच दहा मिनिटं. मला ती सोडायची नाहीत. अजिबात नाहीत.

शुक्रवार, १२
घरचा टीव्हीही थांबलाय. नवरा म्हणतो, जीएसटी उतरू दे. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "पंधरवडा संपेपर्यंत नवं काही आणू नकोस गं." कारणं दोन, टीव्ही एक. कुठल्या कारणाने थांबला, कोण सांगणार? आमटी ढवळताना एकदम सुचलं. आमच्या घरात बघून कळणार नाही, पण माझ्या वर्गात कळेल! निम्मी पोरं चर्चला जाणारी, निम्मी देवळात. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या

(आमटी उतू गेली.)

सोमवार, १५
पोरांना कामाला लावलं. आपापल्या घरी आणि आळीत विचारायचं, काय घ्यायचं थांबवलंय आणि का. आज फळ्यावर मांडलं. ख्रिस्ती घरांत स्कूटर, टीव्ही थांबलेले, सोनं नाही. रॉयडनच्या मावशीने तर लग्नासाठी बांगड्या परवाच घेतल्या. हिंदू घरांत स्कूटरही थांबली, सोनंही. सोन्यावरचा जीएसटी तर बदललाच नाही! म्हणजे सोनं थांबलं ते पितृपक्षामुळे. आणि ख्रिस्ती घरची स्कूटर थांबली ती जीएसटीमुळे. म्हणजे दोन्ही कारणं खरी. हे मी नाही सांगितलं, प्रणाली आणि रॉयडनने भांडत भांडत काढलं. शेवटच्या बाकावरचा अमेय डुलक्या काढत होता. जूचंद्रहून येतो, सकाळी दूध टाकून. नाही उठवलं.

घंटा झाली तेव्हा पुस्तक उघडलंही नव्हतं. पोर्शन आणखी मागे. सरांना काय सांगू?

मंगळवार, २३
काल घटस्थापना, कालपासूनच नवे दर. प्रणाली धावत आली. "मॅडम, शोरूममधी पाय ठेवाला जागा नाय! पप्पा जेवाला पन घरी नाय आले." टाळ्या. मीही वाजवल्या. नेमके प्रि. सर मागच्या बाकावर येऊन बसलेले, अमेयच्या शेजारी, त्यामुळे तो आज टक्क जागा.

सरांनीच विचारलं, "म्हणजे जीएसटी उतरला म्हणून गर्दी झाली, बरोबर?"

मी तोंड उघडायच्या आत रॉयडन: "नाय सर. कालच नवरात्र पण बसलं. परत दोन कारणं."

सगळा वर्ग हसला. सर नाही हसले. जाताना एवढंच, "टेस्ट बघू." पण रॉयडनकडे वळून बघितलं त्यांनी, मी पाहिलंय.

(टीव्ही आला. सासूबाई खूश, नवरा खूश. प्रत्येकाला वाटतं आपलंच ऐकलं.)

सोमवार, ६ ऑक्टो.
आज युनिट टेस्ट. प्रश्न दुसरा: मागणीचा नियम सांगा. शब्द पुस्तकातलेच ठेवले, मुद्दाम सोपा काढला असं सर म्हणायला नकोत. उद्या दहाला गठ्ठा घेऊन त्यांच्याकडे.

संध्याकाळी, त्याच दिवशी
तपासायला बसले. वरचाच पेपर उचलला. नेमका अमेयचा. निम्मी पानं कोरी. व्याख्या पहिली चूक, दुसरी अर्धी. दुसऱ्या प्रश्नाला त्याने लिहिलंय:

"इतर परिस्थिती कायम असताना, म्हणजे पितृपक्ष, नवरात्र वगैरे मधे येत नसताना, किंमत कमी झाली की मागणी वाढते."

तीनदा वाचलं. हसू आलं, मग डोळे भरले. झोपला होता म्हणे!

बोर्डाच्या परीक्षेत असं चालेल का, माहीत नाही. मी तर पूर्ण गुण दिले. खालचे पेपर अजून उघडलेले नाहीत. उद्या सरांपुढे हाच सगळ्यात वर ठेवणार.