अंगठ्यातला काटा आणि हेतलचे मोदक

सोम. २२ ऑगस्ट
शेवटचा श्रावणी सोमवार. बेल विकतचा नको हा माझा हट्ट, म्हणून मागच्या झाडावर हात घातला. उजव्या अंगठ्यात काटा. उपटला. सौ. सुधाने हळद लावली. झालं.

गुरु. २५
कसलं झालं! अंगठा टम्म. टोक आत राहिलंय वाटतं. सुधा म्हणते, डॉक्टर. एवढ्याशा काट्याला? गव्हाच्या पिठाचं गरम पोटीस बांधलं.

शनि. २७
रात्रभर ठणका. गेलो शेवटी. गुजराती डॉक्टर म्हणाले, "काका, पाक्युं छे! वहेला केम न आव्या?" लवकर का नाही आलात, म्हणे. चिरून पू काढला, टोक निघालं. गोळ्या सुरू. पट्टी भिजवायची नाही.
आणि बुधवारी गणपती! आमच्याकडे मोदक मी करतो, लग्नापासून. सुधाला कळ्या जमत नाहीत, हे तीच सगळ्यांना कौतुकाने सांगते. मुलाच्या लग्नानंतरचा पहिला गणपती, सावली गावचे व्याही जेवायला येणार, आणि मी अंगठा वर करून बसलेला. रडू यायचं बाकी होतं.

सोम. २९
सूनबाई हेतल गुजराती. म्हणते, "पप्पा, तमे बोलता जाओ, हाथ मारा." मी सांगायचं, हात तिचे. तालीम सुरू. उकड छान मळते पोरगी. कळ्या मात्र... सगळे फुटले. फुटलेले सगळ्यांनी मिळून संपवले. फार हसलो.

बुध. ३१
बाप्पा आले. कळ्या आजही जुळेनात. तर हेतलने काय करावं? पारी मिटून वर घुघऱ्यासारखी कांगरी, म्हणजे कडेची मुरड, वळली! घुघरा म्हणजे त्यांची करंजी. मी ओरडलो, "अगं, हा मोदक आहे का?"
सुधा : "गप्प बसा हो. बाप्पाने तक्रार केली का?"
वाफवले. एकही फुटला नाही. माझे दरवर्षी दोन-तीन फुटतातच. व्याही तर मागून मागून खात होते. हेतलचा चेहरा असा फुलला, की मी टाळी वाजवली. आई गं! अंगठा!

शनि. १० सप्टें.
डॉक्टरांनी पट्टी काढली. जखम भरली. "हवे बधुं करो, काका." आता सगळं करायला मोकळा.
मंगळवारी अंगारकी. हेतलने कालच नारळ आणून ठेवलेत, मोदक पुन्हा तीच करणार म्हणून कालपासून नुसती नाचतेय.
येताना मेडिकलमधून नवी पट्टी घेतली, कोपऱ्यावर उभं राहून अंगठ्याला बांधली, मग घरात शिरलो. सुधा पट्टीकडे बघतेय.