चिंधी बांधलेलं वांगं

माय, आज बाजारात देऊळघाटची काटेरी वांगी मिळाली. चिरायला घेतली आणि हात थांबला, म्हणून भाजी तशीच ठेवून लिहायला बसले आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण वांगं हातात घेतलं की मी अजून आधी देठाकडे पाहते.

मळ्यातलं सगळ्यात भरदार वांगं तू बियाण्यासाठी राखायचीस. त्याच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायचीस, म्हणजे ते झाडावरच पिवळं होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. लहान पोरांनाही ते ठाऊक असायचं. बाबा गेल्यावर घरात आपण दोघीच होतो, आणि पुढच्या साली मळ्यात काय लागणार ते त्या वांग्यावर ठरायचं.

त्या हिवाळ्यात मला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीसकट. तू गावभर पेढे वाटलेस. खामगावला जाऊन जांभळा स्वेटर आणलास, माझ्या मापापेक्षा चांगला ढगळ, कारण तिकडे आतून अजून दोन कपडे घालावे लागतात असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. जाऊ नको असं तू एकदाही म्हणाली नाहीस. होकार कळवायचं मीच उद्यावर ढकलत होते. मला भीती वाटत होती, माय. आणि पेढे वाटून झाल्यावर तसं म्हणायची लाज वाटत होती.

मग एक दिवस मामा आला. आपण दोघी वांगी तोडतो आहोत, तो बांधावर उभा राहून विचारतो आहे, "मंग भाचीबाई, कवा जाऊन राह्यली?" मी मान वर करत नाही, हात भराभर चालवते आणि म्हणते, मायले करमनार नाही माह्याबिगर. तू चमकून माझ्याकडे पाहतेस, मग माझ्या टोपल्याकडे. मीही पाहते. वर पडलेल्या हिरव्या वांग्याच्या देठाला लाल चिंधी आहे.

मळेवाल्याच्या पोरीच्या हातून, ध्यान ठिकाणावर असताना, असं होत नाही. आता पाठीत धपाटा बसणार, असं वाटलं. तू ते वांगं उचलून पदराआड घेतलंस आणि मामाला म्हणालीस, "म्याच नाही म्हनलं तिले. एकुलती एक पोर, कायले धाडू इतक्या दूर?" मामानं तुला नको नको ते सुनावलं. तू खाली मान घालून तोडत राहिलीस. आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

पुढे गावानं तुला सोडलं नाही. शिकलेली पोर मायनं पदराला बांधून ठेवली, असं बाया तुझ्या तोंडावर म्हणायच्या. तो स्वेटर घालून तू पहाटे मळ्याला पाणी द्यायला जायचीस. पुढच्या साली रोपं शेजाऱ्याच्या मळ्यातून मागून आणलीस. घरात त्यावर एक शब्द नाही. मी अकोल्याला शिकले, बुलढाण्याला प्राध्यापक झाले, आणि जिथं चार लोक भेटतील तिथं सांगत राहिले की मी तर जाणारच होते, पण आईनं सोडलं नाही. लोक हळहळायचे. ते मला आवडायचं, आणि तू गेल्यावर तर सांगायला आणखीच सोपं झालं.

आता तुझ्या नातीला तसाच प्रवेश मिळालाय. परवापर्यंत कळवायचं आहे. काल ती स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला भीती वाटतेय गं. तुला वाटली होती?"

मी म्हणाले, मला कसली भीती, आजीनं अडवलं म्हणून राहिले. सवयीनं तोंडातून निघून गेलं. ती म्हणाली, "मग मी नाही गेले तर सगळ्यांना सांगू, तू नको म्हणालीस म्हणून?"

माय, तुझं नाव पुढे करू का, हे तुला कोणी विचारलंही नव्हतं. मी मात्र लगेच म्हणाले, "माझं नाव कशाला मध्ये? लोक काय म्हणतील मला?" ती बरं म्हणाली आणि खोलीत निघून गेली. दार तिनं हळूच लावलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं जावं की राहावं, ते तिचं ती ठरवेल. पण घाबरलेली ती या घरातली पहिली नाही, एवढं तिला कोणीतरी सांगायला हवं, आणि ते सांगणारं माझ्याशिवाय आता कोणी नाही. म्हणून सकाळी उठून तिच्या दाराशी गेले. मघाशी पुन्हा गेले. तिनं दार उघडलं, डोळे सुजलेले होते. दोन्ही वेळा मी तिला एवढंच विचारून परत आले, की आज वांग्याची भाजी करू का.