हवेत बसायची घाई

शनिवार, ७ जून

अठ्ठेचाळिसावी उडी. पुन्हा पालथीच! विमानातून चार हजार मीटरवरून मिनिटभर पोटावर पडत राहायचं, समोरच्याचा हात धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. समोरचा म्हणजे दाउवे. वय एकसष्ट. तीस वर्षं बेटांवर जाणारी बोट चालवली, आता आमच्या क्लबचा मुख्य शिक्षक. उतरल्यावर छत्री गोळा करता करता म्हटलं, "आता मला हवेत बसून उडायला शिकव."

"अजून नाही."

"का?"

"हात धरायला सांगितला होता, नींके. उपटायला नाही."

एवढं बोलून म्हातारा वाटाण्याचं सूप प्यायला गेला. कडाक्याच्या थंडीत प्यायचं ते सूप, आणि हा भर जूनमध्ये पितो! असल्या माणसाकडे नवीन काही मागायचं म्हणजे माझीच चूक.

रविवार, ८ जून

ढग अगदी डोक्यावर. विमान दिवसभर शेडमध्ये, आम्ही कॅन्टीनमध्ये. युरेने चीज-टोस्ट खात खात माझी यथेच्छ टिंगल केली. हा चोवीस वर्षांचा, छपरं दुरुस्त करतो आणि नऊशे उड्या मारून बसलाय. "तू अजून पालथीच? माझी भाचीसुद्धा बसायला लागली. सात महिन्यांची आहे."

क्लबातली सगळी तरुण मंडळी आता बसून उडतात, नाहीतर डोकं खाली पाय वर. दोघं पंखांचा सूट घालतात. पालथे उरलो दाउवे आणि मी.

बुधवार, ११ जून

मी पोहायला शिकवते त्या तलावावर सात वर्षांची फ्लूर हट्टाला पेटली — उंच फळीवरूनच उडी मारणार. मी म्हटलं, "अजून नाही. आधी उताणी तरंगून दाखव." बोलून झाल्यावर मलाच जरा लाज वाटली. फार नाही.

शनिवार, २१ जून

केलं!

दाउवे पुतणीच्या लग्नाला गेला होता. बसून उडायला त्याची सही लागते, म्हणून युरे आधी नाही-नाही म्हणाला. मग मी त्याला भाचीवरून टोमणा मारला आणि तो तयार झाला. एक्कावन्नावी उडी.

पहिले दहा सेकंद मी खरोखर बसले होते. पाठ ताठ, पाय खाली, तळव्यांखाली वारा. असं वाटलं, आता इथेच कॉफी मागवावी. मग गुडघे डळमळले आणि मी उलटून पोटावर आले. बसलेला माणूस पालथ्यापेक्षा फार वेगाने पडतो. मी पालथी झाले ती करकचून ब्रेक लावल्यासारखी, आणि युरे होता माझ्या वर. तो माझ्या कानाशेजारून खाली गेला.

उतरल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक. "कुणाला सांगायला नको," तो म्हणाला. मी मान डोलावली. नोंदवहीत लिहिलं: ५१ — पालथी.

आमच्यात काहीही पहिल्यांदा केलं की संध्याकाळी बारवर बिअरचं क्रेट ठेवायचं. पहिली उडी, पहिल्यांदा कालव्यात पडणं, पहिल्यांदा शेणात उतरणं — माझी चार क्रेट झाली आहेत. आज गपचूप सायकल काढली आणि घरी आले.

रविवार, २२ जून

दाउवेने विचारलं, "कालची कशी झाली?"

"छान."

"छान," तो म्हणाला, आणि मला लग्नातल्या केकचा तुकडा दिला. मी तो रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

बुधवार, २५ जून

युरेच्या बुटाचा तळ सारखा डोळ्यांसमोर येतो. टाचेला च्युइंगम चिकटलेलं होतं. गुलाबी.

शनिवार, ५ जुलै

सकाळी युरेला सांगितलं, मी आज बोलणार. तुझं नाव घेऊ का? तो म्हणाला, "घे. मलाही झोप नाही."

संध्याकाळी बारवर क्रेट ठेवलं. सगळे गोळा झाले — कुणाचं काय पहिलं? मी म्हटलं, "माझं. नोंदवहीत पहिल्यांदा खोटं लिहिलं." सगळे खो-खो हसले. दाउवे हसला नाही. मग मी सगळं सांगितलं आणि बाकीचेही हसायचे थांबले.

तो बाहेर गेला. मी मागोमाग.

"किती जवळून?"

"टाचेचं च्युइंगम दिसलं."

मग दोघांनाही दोन आठवडे जमिनीवर राहायची शिक्षा. मी परत फिरणार तेवढ्यात म्हणाला, "थांब. त्या 'अजून नाही'तलं निम्मंच तुझ्यासाठी होतं. हात तू खरंच उपटतेस."

"आणि निम्मं?"

"तू बसायला लागलीस की माझ्याबरोबर पालथं पडायला कोण राहतं? एकट्याने काय, पडायचं नुसतं."

मला राग आला. केवढा राग आला! मी महिनाभर स्वतःला ढ समजत होते. तसं तोंडावर सांगितलंही त्याला. त्याने ऐकून घेतलं. "शिक्षकाने असं वागू नये," एवढंच म्हणाला. घरी येईपर्यंत राग उतरला होता आणि त्याचंच वाईट वाटत होतं.

रविवार, ६ जुलै

वहीतलं "पालथी" खोडलं. "बसून, दहा सेकंद" लिहिलं. पुढे: "आणि मग मूर्खपणा."

रविवार, २० जुलै

शिक्षा संपली. पहिली उडी मुद्दाम दाउवेबरोबर, पालथी. हात धरला, सोडला, धरला, सोडला — अकरा वेळा. झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. खाली आल्यावर तो म्हणाला, "कधी धरलास ते कळलंच नाही." आणि कार्डावर सही ठोकली! आता मी रीतसर बसू शकते. आधी दहा वेळा एकटीने, आजूबाजूला कुणी नाही, अशी अट आहे. योग्यच आहे.

मी म्हटलं, "पण शनिवारची पहिली उडी तुझ्याबरोबर. पालथी."

"दया नको, नींके."

"दया कसली? मला अकराचे बारा करायचेत."

तो हसला, पण मान वळवून.

शनिवार, २ ऑगस्ट

संध्याकाळी बारवर एक क्रेट. मागे दाउवे उभा, केस पिंजारलेले, कान लालबुंद. चार हजारांवर उड्या झाल्यावर आज गडी पहिल्यांदा हवेत बसला! चार सेकंद. मग कोलांटी. मला न सांगता युरेकडून शिकून घेत होता. उद्या माझ्याबरोबर बसून उडायचं म्हणतोय.

युरेने सुपाचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "अजून नाही."