एक नंबर मोठा

६ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पायाला प्लास्टर घातल्याचं कळल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही. महिनाअखेरीला गाडीने तुझ्याकडे यायचं म्हणते. पण मध्ये तो लांबलचक घाट, आणि इथे ब्रेक दाबला की पाय मऊमऊ आत जातो! गॅरेजवाला म्हणाला, ब्रेक ऑइल जुनं झालंय, नवं आणा, बदलून देतो. दुकानात गेलो तर तीन, चार, पाच अशा नंबरांच्या बाटल्या. आपलं घर तुला माहीतच आहे. बूट असो की फ्रॉक, एक नंबर मोठाच घ्यायचा. आईने थेट पाचावर बोट ठेवलं. मी म्हटलं, थांब, जिने उभं आयुष्य लोकांना गाडी शिकवली तिला आधी विचारते. हे आकडे असतात तरी कशाचे गं?

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
भिंगरी

१० जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

विचारलंस ते बरं केलंस, नाहीतर घाटात ताईला देव आठवले असते. अगं, हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. ब्रेक दाबत दाबत उतरलं की ते तापतं, पाण्याची वाफ होते आणि पाय खुशाल तळाला टेकतो. मोठ्या नंबरचं उशिरा उकळतं हे खरं. पण पाचाची जातच वेगळी, सिलिकॉनची. तुझ्या गाडीत ते चालायचं नाही. बॉनेट उघड, ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर नंबर असेल, तोच घे. सीलबंद घे, कुणाची उरलेली अर्धी बाटली नको. गाडीला काय हवं ते गाडीला विचारावं, ताईला नव्हे.

आता तुझ्यामाझ्यात एक सांगते. ताईने धाडलेले बूट एक नंबर मोठे होते, म्हणूनच मी जिन्यावरून घसरले. तिला अवाक्षर बोलू नकोस, मनाला लावून घेईल.

लंगडी असले तरी तुझीच,
मावशी

१४ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

झाकणावर चार होतं! गॅरेजवाल्याने जुनं सगळं काढलं, कोऱ्या चहासारखं काळं, आणि नवं भरलं. ब्रेक आता कसा टणक लागतो. मागच्या टेकडीवरून गाडी उतरवूनही पाहिली.

पण घोटाळा झाला गं. आपल्याकडे पत्र ज्याच्या हाती पडेल तो मोठ्याने वाचतो, हे तू कशी विसरलीस? आई वाचत होती आणि बुटांपाशी थांबली. आधी रडली, मग मलाच ओरडली. नंतर म्हणाली, एवढी वर्षं धाकटी बहीण आहे माझी, पण तिच्या पायाचा नंबर मी कधी विचारलाच नाही.

सोबतचा कोरा कागद तिनेच घातलाय. त्यावर धडधाकट पाय ठेव, भोवती पेन्सिल फिरव आणि लगेच धाड. तो आल्याशिवाय ती गाडीत बसायची नाही.

लोभ मात्र एक नंबर मोठाच असू दे,
भिंगरी