जिबेकच्या झग्याचं ठिगळ

४ सप्टेंबर
पोहोचलो एकदाचे नारीनला, सासरी! सासूबाईंनी, बातमा आपांनी, माझ्या आठ महिन्यांच्या जिबेकला दारातच उचलून घेतलं. मला म्हणाल्या, "संग्रहालयात जुनी कापडं सांभाळतेस ना? मग माझी गोधडी भिंतीवर लाव बघू." गोधडी देखणी आहे, पण मेंढीच्या चरबीचा असा भपका, की आधी खिडकी उघडली.

६ सप्टेंबर
ऊन आणि चूल दोन्हींपासून लांबची भिंत निवडली. खिळे मारले नाहीत. मागून सुती पट्टी शिवून तिच्यात दांडी ओवली. आधी वर जाळी धरून व्हॅक्यूमने धूळ ओढली, तर कसरीच्या अळ्या निघाल्या, आणि कुणाची तरी नखं. शी! मधोमध भोक होतं. तिथे जिबेकच्या आखूड झालेल्या लाल झग्याचा तुकडा लावला. रंग इतका जुळला, की स्वतःवरच खूश झाले.

७ सप्टेंबर
ठिगळ बघून आपांनी मला गोधडीपासून मागे ओढलं. गोधडीतले सगळे तुकडे मयतीचे आहेत म्हणे. पिकलं माणूस गेलं की कापड फाडून वाटतात, पोरांना तेवढं आयुष्य लाभावं म्हणून. माझी आजी गेली तेव्हा मीही असे तुकडे वाटलेत. पण त्यात जित्याचं कापड कुणी शिवत नाही. "भवाने, पोरीला त्यांच्यात नेऊन बसवलंस!" मला हसूच आलं.

९ सप्टेंबर
ठिगळ चिकट झालंय. तीनदा हात धुतले, वास जात नाही. तोच वास जिबेकच्या तोंडाला. दूध पिताना तिचे दोन्ही दात पडले. पिवळे, किडलेले.

१० सप्टेंबर
जिबेकच्या मानेवर सुरकुत्या. घड्यांत चिकट घाण. केस पांढरे, झडतात, माझ्या तोंडात येतात. तिला जवळ घ्यायची किळस येते — माझ्याच लेकराची! माझा नवरा तालंत डॉक्टरांना आणायला गेलाय. आपा म्हणतात, ठिगळ उसव, आधी उसव.

११ सप्टेंबर, सकाळ
गोधडी काढून पाळण्याशी बसलेय. उसवतेय — टाके माझे, पण दोरा नाही, केस आहेत — पांढरे — ओढलं की जिबेक कण्हते — चारच टाके उरलेत —

कण्हणं थांबलं. पाळण्यातून हात आला. थरथरता, डागाळलेला. माझ्या डोक्यावरून फिरवतेय. बोलतेय. म्हणते, रडू नको पोरी, खूप जगले मी, आता माझं कापड फाड आणि